सरदारांनी तारीख टाकली नाही

त्या भुयारी मेट्रो स्टेशनच्या भिंतीवर ‘या स्थानकाचा इतिहास’ असा एक मोठा फलक आहे. जिना उतरलं की डाव्या हाताला. तो मजकूर माझा आहे आणि तो अर्धा खोटा आहे. जे लिहिलंय ते खरंच आहे हो. चौक कसा वसला, धान्यबाजार कसा भरायला लागला, चौकातल्या मोठ्या विहिरीचं पाणी किती गोड होतं, सगळं खरं. खोटं आहे ते न लिहिलेलं. तिथं दुसरी एक विहीर होती. आणि त्या विहिरीपायी स्वतःची नोकरी पणाला लावून माणसं वाचवणारे केशवराव रामटेके नावाचे गृहस्थ होते, ते त्या फलकात औषधालाही नाहीत.

शहराचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर चार जण फोन करतील, आणि मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. पण गेल्या महिन्यात माजरीहून, रामटेक्यांच्या घरून, फोन आला की सरदार गेले. तेव्हापासून त्या फलकाच्या समोरून जाताना मी मान खाली घालतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

सरदार म्हणजे पगडीवाले नव्हेत. कोळशाच्या खाणीत माणसं खाली उतरायच्या आधी जो एकटा आत जातो, छत तपासतो आणि मग बाकीच्यांना आत घेतो, त्याला मायनिंग सरदार म्हणतात. रामटेके सरदारांनी जन्मभर तेच केलं होतं. रिटायर होऊन माजरीला नातवंडांच्या शाळेची ने-आण करत होते. तेवढ्यात या स्टेशनच्या ठेकेदाराला आडवा बोगदा खोदणारी माणसं हवी झाली. स्टेशन येणार होतं जुन्या बाजाराच्या बरोबर खाली. वरून खोदायचं तर अर्धा बाजार पाडावा लागला असता. म्हणून एका बाजूला खड्डा उतरवून, तिथून खाणीसारखं आडवं आत शिरायचं ठरलं. चंद्रपूरकडून चौदा माणसं आली, त्यांच्याबरोबर सरदार आले. कमरेला पट्टा, हातात लोखंडी टोकाची काठी, शर्टाच्या खिशात खडू.

मी तिथं नवा इंजिनियर होतो. माझं काम जमिनीवरचं. बोगद्याच्या वाटेवर कुठं जुन्या विहिरी, टाक्या, गटारं, पाये आहेत ते जुन्या नकाशांतून शोधायचं आणि यादी करायची. सरदार पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा ‘बसा’ म्हटलं तरी बसेनात. आधी काठीनं पत्र्याचं छत ठोकलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. कान तिरका करून ऐकलं आणि खुर्ची हातभर सरकवून मग बसले. सगळे हसले. मी पण हसलो.

“कुठचा तू?” त्यांनी मला विचारलं.

“सिंदेवाहीचा. म्हणजे सिंदेवाहीजवळचं गाव, चंद्रपूर जिल्हा.”

“अरे, मंग त घरचाच हायेस ना बापू! ह्या लोकाइले सांग, हासू नोका म्हना. छत हासत नाई.”

त्या दिवसापासून मी त्यांचा बापू झालो. साइटवर बाकी सगळे मला सर म्हणत. बापू ऐकलं की मला बरं वाटायचं, उगाच कशाला खोटं बोलू.

त्यांची रीत ठरलेली होती. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास ते एकटेच आत जात. काठीनं छत ठोकत, भिंतीला तळहात लावत, नाकानं वास घेत. सगळं ठीक वाटलं की बोगद्याच्या तोंडाशी येऊन दगडावर खडूनं त्या दिवसाची तारीख लिहीत आणि खाली ‘के. रा.’ एवढंच. याला ते तारीख टाकणं म्हणत. तारीख पडली की चौदा जण आत. प्रत्येकाच्या हेल्मेटवर टपली मारून ते मोजायचे, एक, दोन, तीन. पाळी सुटली की पुन्हा टपली, पुन्हा मोजणी, आणि चौदा भरले की मग स्वतः बाहेर.

“सरदार पयला जाते आन शेवटी निंगते,” ते म्हणायचे. “मदात काय झालं ते मंग पाहू.”

आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे मोबाइलवर भरायचा चाळीस प्रश्नांचा तक्ता होता. तो बिचारा हिरव्या टिकल्या देत बसायचा, आणि चौदा जण त्याच्या हिरव्या टिकलीकडं ढुंकूनही न बघता खडूची वाट बघायचे. एकदा आमचा एक पोरगेला सर्व्हेअर बोगद्यात गाणं शिट्टीवर वाजवत शिरला. सरदारांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणला.

“आत शिट्टी नाई वाजवाची.”

“का? भुतं येतात का?” तो मस्करीत म्हणाला.

“भुताले काय काम बे इथी? छत पडाच्या आंधी बोलते. बारीक बोलते. तू शिट्टी वाजवशीन त मले ऐकू कसं येईन?”

पुढं तो सर्व्हेअर बाहेर, टपरीवर चहा पितानासुद्धा शिट्टी वाजवेनासा झाला.

एकदा सुट्टीला गावी चाललो होतो, तर वाटेत भद्रावतीला उतरून मी माजरीला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. तिथं बघतो तर काय, घरभर तारखा! गॅसच्या सिलिंडरवर खडूनं तारीख, पाण्याच्या माठावर तारीख, नातवाच्या सायकलच्या सीटवर तारीख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खालच्या फळीवर सुद्धा कडेला बारीक तारीख, फळी कधी ठोकून पक्की केली त्याची. काकू चहा टाकता टाकता म्हणाल्या, “एक दिस माह्या कपायावर तारीख टाकन हा मानूस. पाहून राह्यलास ना बापू, कसं जलम काढलं मी!”

सरदार नुसते हसले. पण काकू आत गेल्यावर मी सहज विचारलं की एवढं कशासाठी, तेव्हा ते बराच वेळ बशीतला चहा हलवत बसले.

“एकदा मी ऐकून तारीख टाकली होती,” ते म्हणाले. “पाहून नाई टाकली. वरचा साहेब म्हने, मी पाह्यलं, ठीक हाये, टाक तू. मी टाकली. तेरा गेले, बारा निंगाले.”

“कोण होतं?”

“मारोती. माह्या लग्नात नाचला होता.” त्यांनी चहा पिऊन टाकला. “मंग मी ठरवलं. आता देव जरी म्हने ना, टाक, तरी मी आत जाऊन पाहीन.”

कुठली खाण, कधी, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगतो.

बोगदा बाजाराच्या मध्यावर आला होता. दोन दिवसांनी आमचं टोक पलीकडच्या खड्ड्यातून येणाऱ्या टोकाला भिडणार होतं. त्यासाठी वरून पाहुणे यायचे होते, मांडव पडत होता, हारांची ऑर्डर गेली होती. मोठे साहेब, म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, तीन रात्री धड झोपले नव्हते. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या मानेवर कोणी बसलेला होता, आणि त्याच्या मानेवर अजून कोणी.

सकाळी सरदार नेहमीप्रमाणे आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि खडू खिशातच. चौदा जण हेल्मेट घालून उभे. सरदार पायरीवर बसले आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, “बसा. आज तारीख नाई.”

झालं! पाच मिनिटांत मोठे साहेब धावत आले.

“रामटेके, काय झालं?”

“साहेब, दगडाले घाम आला.”

“घाम? वरून पाण्याची पाइपलाइन जाते, ती गळत असेल. कळवलंय मी त्यांना.”

“नळाचं पानी नाई ते. मी चाखून पाह्यलं. दवाईचा वास नाई त्याले. बसेल पानी हाये, लय वर्साचं. सडक्या पाल्यासारका वास येते.” त्यांनी हाताचा तळवा पुढं केला. “घ्या, वास घ्या.”

साहेबांनी वास घेतला नाही. ते माझ्याकडं वळले. “या टप्प्यात विहीर आहे का रे कुठं?”

मी नकाशा उलगडला. त्या नकाशाचा मला केवढा अभिमान होता! तीन महिने दप्तरखान्यात धूळ खाऊन मी तो केला होता. “एक आहे सर. चौकातली मोठी विहीर. ती आपण सिमेंट भरून पक्की केलीय. ती इथून बरीच लांब आहे. दुसरी काही नाही.”

“ऐकलंत?” साहेब सरदारांना म्हणाले. “रामटेके, ही काही तुमची कोळशाची खाण नाही. हा काळा पाषाण आहे. तीन वाजता दुसरी पाळी. तोवर तुमची माणसं आत गेली तर ठीक. नाहीतर संध्याकाळच्या गाडीची पंधरा तिकिटं काढतो. ठेकेदाराकडं दुसरी टोळी तयार आहे, ती जाईल.”

ते निघून गेले. घड्याळात साडेआठ झाले होते. चौदा जणांत कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या पोरीचं लग्न. सगळे सरदारांच्या तोंडाकडं बघत होते. आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं की हे घरी गेले तर दुसरे आत जातील. तीन वाजता कोणीतरी त्या घाम आलेल्या दगडाखाली उभं असणारच होतं.

सरदारांनी मला बाजूला घेतलं.

“नकाशात एकच इहीर हाये म्हनतोस?”

“हो. मी स्वतः बघितलंय. महसुलाचे नकाशे, पालिकेचे, सगळे.”

“तुह्या गावात किती इहिरी होत्या बापू?”

“दोन,” मी म्हटलं.

“दुसरी कुठी होती?”

“खाली. उताराला.”

“कोन भरे तिथी पानी?”

आमच्या घरचं पाणी वरच्या विहिरीचं. खालच्या विहिरीवर कोण जायचं ते मला लहानपणापासून माहीत होतं, आणि कोणी सांगावं लागलं नव्हतं. कुणबी घरातल्या पोराला हे असंच कळतं, चालायला शिकल्यासारखं.

“बोलाले काऊन लाजतोस?” सरदार म्हणाले. आवाज चढला नव्हता. “माही माय भरे. तुह्या गावात नाई, पोंभुर्ण्याकडं, आमच्या गावात. पन गोष्ट तेच. आता मले सांग, हा नकाशा ज्यानं काढला तो कोन्या इहिरीवर पानी पेला असन?”

मी नकाशाकडं बघत राहिलो. माझी लाल शाईची एक गोल खूण. तीन महिने मी त्या कागदांत डोकं घालून बसलो, आणि दोन विहिरींच्या गावातून आलेला मी एकदाही विचार केला नाही की दुसरी कुठं आहे.

“एवढा धान्याचा बाजार,” सरदार म्हणत होते. “पोती कोन उचले? झाडझूड कोन करे? मेलेलं जनावर कोन वढून ने? ते लोक बिनापान्यानं जगे का? चाल, वर चाल. उतार कोनीकडं हाये ते दाखव.”

आम्ही बाजारात आलो. सरदारांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून उतार बघितला, एका दुकानदाराची पाण्याची बाटली मागून डांबरावर थोडं पाणी ओतलं आणि ते वाहत गेलं त्या बाजूला निघाले. दुकानदार त्याच्या बाटलीकडं आणि आमच्याकडं बघतच राहिला. पहिल्या तासात चार म्हाताऱ्यांना विचारलं. “विहीर? चौकात होती की, मोठी.” सगळ्यांना तीच ठाऊक. साडेअकरा वाजले.

“मानसाइले काऊन विचारून राह्यलो आपन?” सरदार एकदम थांबले. “पानी मानसं भरतेत का बाया?”

बाजाराच्या मागं, पत्र्याच्या दुकानांच्या दाटीत एक लहानसं विहार होतं. जुन्या दगडी ओट्यावर एक अगदी वाळकी म्हातारी पांढरं लुगडं नेसून मेथी निवडत बसली होती. सरदारांनी हेल्मेट काढलं, हात जोडले. “जयभीम बाई.”

“जयभीम बाबा. कुठनं आला?”

“चांद्याकडून. बाई, नवी नवरी होऊन आल्या तवा पानी कुठून आने तुमी?”

म्हातारीचे हात थांबले. ती त्यांच्याकडं बघत राहिली. “हे कुणी विचारत नाही बघा,” ती म्हणाली. “आमच्या विहिरीवरनं. नळ आला, मग कचरा टाकून बुजवली. कुणी नीट बुजवलीबी नाही. वर फरशा टाकल्या नि झालं.”

माझ्या तोंडून “कुठं?” इतक्या जोरात निघालं की ती दचकली.

“असं बसून नाही सांगता यायचं लेकरा. सगळं बदललंय. चालून सांगते.” ती ओट्याला धरून उठली. “विहार मागनं झालं, पण ओटा तोच हाय. ह्या कोपऱ्यापासनं अठ्ठावीस पावलं. हंडा भरला की बत्तीस.”

ती चालायला लागली. मोठ्यानं मोजत. मध्ये एक दुकान आलं तर दुकानातून, मागच्या दारानं गल्लीत, गल्लीतून दुसऱ्या दुकानात. मोबाइलची कव्हरं विकणारा पोऱ्या “ओ आजी, आजी” करत राहिला. अठ्ठावीसवर ती त्याच्या काउंटरपाशी थांबली. “इथं.”

“बाई, परत चालता का?” सरदार म्हणाले. “हंडा घिऊन.”

मी बघत राहिलो. मोजणीत आम्ही जाताना मोजतो आणि येतानाही मोजतो, दोन्ही जुळलं तरच आकडा धरतो. सरदारांना हे कोणी शिकवलं नव्हतं. म्हातारीनं एक हात वर करून डोक्यावरचा नसलेला हंडा धरला. चाल बदलली. पावलं लहान झाली, मान ताठ झाली. एवढ्या वयात कमरेत तीच लय! ओट्याच्या कोपऱ्याला पाय लागला तेव्हा तिच्या तोंडात आकडा होता बत्तीस.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला वेळ नव्हता. फीत काढली, मापं घेतली, खालच्या बोगद्याच्या नकाशावर जागा बसवली. पुन्हा बसवली. बोगद्याचं आतलं, खोदकामाचं टोक त्या विहिरीपासून दहा-अकरा फुटांवर होतं. तीन वाजताच्या पाळीत दोन सुरुंग उडायचे होते.

अडीचला आम्ही मोठ्या साहेबांपुढं उभे होतो.

“लेखी काही आहे?” ते म्हणाले.

“नाही सर. एका आजींनी चालून दाखवलंय.”

“चालून.” त्यांनी डोळे चोळले. “अरे, मी वर काय सांगू? एका म्हातारीनं पावलं मोजली म्हणून मी काम बंद केलं?” मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. “ठीक आहे. तू लिहून दे. ‘काम थांबवावं, जबाबदारी माझी’, असं. सही कर. आत्ता थांबवतो.”

माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. गावाकडं बापानं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगा मेट्रोत साहेब आहे. मी पेनाकडं बघितलं. मला सगळं माहीत होतं, मापं माझ्या हातची होती, आणि तरी माझ्या तोंडातून निघालं ते हे, “सर, अजून जरा तपासून बघतो.”

सरदारांनी माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते वळले आणि खाली उतरले.

मी मागं धावलो. खाली दुसरी टोळी आलेली होती. नऊ जण, सगळे झारखंडकडचे, नवी पिवळी हेल्मेटं. बोगद्याच्या तोंडाशी दगडावर कालची तारीख अजून होती. सरदारांनी शर्टाच्या बाहीनं ती पुसली. नीट, कोपऱ्या-कोपऱ्यातून, पाटी पुसावी तशी. मग तिथं मोठी फुली मारली, एक घमेलं पालथं घातलं आणि फुलीखाली बसले. वाट अडवली नाही. बाजूला माणूस जाईल एवढी जागा ठेवली.

“भाऊ, हे छत मी पाह्यलं,” ते त्या नऊ जणांना म्हणाले. “मी सरदार हावो. मी याच्यावर तारीख नाई टाकत. आता ज्याले जाचं त्यानं जावं.”

वरून साहेब ओरडत उतरत होते, “रामटेके, उठा तिथून! चला रे, आत चला!” पंप घरघरत होता. ते नऊ जण एकमेकांकडं बघत होते. मराठी किती कळलं कोण जाणे. एक पाऊल पुढं पडलं, दुसरं पडलं. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क माणसानं हात आडवा केला आणि फुलीकडं बोट दाखवलं.

“सरदार ने डेट नहीं मारा?” त्यानं विचारलं.

“नाई मारा.”

त्या माणसानं हेल्मेट काढलं आणि जमिनीवर ठेवलं. “तो हम नहीं जाएँगे साहब. हम भी कोयले का आदमी है.” एकामागून एक नऊ हेल्मेटं खाली ठेवली गेली. मग आमचे चौदा उठले आणि येऊन त्यांच्याशेजारी बसले.

साहेबांनी ती हेल्मेटं पाहिली, मग घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, “लांबून एक भोक मारून बघा. एकच.”

ते भोक मारायला सरदार स्वतः गेले, बरोबर झारखंडचा तो म्हातारा. बाकी सगळे बाहेर. लांब दांड्याचं यंत्र लावलं, आवाज सुरू झाला. आम्ही उभे. एक दांडा आत गेला, दुसरा जोडला. तिसरा जोडला आणि आवाज बदलला. मला सुद्धा कळलं. आतून सरदारांची हाक आली, “सोड! भाईर!” आणि दोघं वाकून पळत आले. मागून पाणी. काळं, घाण मारणारं, मनगटाएवढ्या जाडीची धार, एवढ्याशा भोकातून समोरच्या भिंतीवर जाऊन आपटत होतं. पंप दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू होते.

सुरुंग उडाला असता तर ते सगळं पाणी आणि वरचा राडारोडा एका दमात आत आला असता. नऊ जण असते आत. किंवा चौदा आणि एक.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरदारांनी दोन्ही टोळ्यांच्या डोक्यावर टपल्या मारल्या, तेवीस मोजले आणि मग घमेल्यावर बसून खूप खोकले. साहेबांनी आपल्या हातानं त्यांना पाणी दिलं. अहवालात आलं की पूर्वतपासणीच्या भोकामुळं अनपेक्षित भूजलाचा वेळीच शोध लागला. पंधरा तिकिटं काही निघाली नाहीत. बोगदा झाला, काम संपलं, सरदार माजरीला गेले. त्या कोऱ्या कागदाबद्दल ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि मीही नाही.

स्टेशन तयार झालं तेव्हा फलकाचा मजकूर माझ्याकडं आला, कारण जुने नकाशे माझ्याकडं. मी दोन विहिरी लिहिल्या. अठ्ठावीस पावलं, बत्तीस पावलं, खडूची फुली, सगळं. कागद वरून परत आला. समासात लिहिलेलं, ‘दुसऱ्या विहिरीचा पुरावा जोडावा.’ मी एकदा फोन केला. दुसऱ्यांदा केला नाही. एक विहीर ठेवली आणि पाठवून दिलं. त्या कोऱ्या कागदापुढं केलं तेच मी पुन्हा केलं, बघा.

उद्घाटनानंतर आठवड्यानं सरदार एकटेच आले, माजरीहून रेल्वेनं. बरेच वाळले होते. गेटवर तपासणीत काठी काढून घेतली, तर खांब ठोकायला बोटाची पेरं वापरली. फलकासमोर उभं राहून त्यांनी बोट फिरवत सगळा मजकूर वाचला. मी बाजूला उभा, शाळेत निकालाला उभं राहायचो तसा.

“एकच लिवली,” ते म्हणाले.

“पुरावा मागितला सरदार. मी लिहिल्या होत्या दोन. कापली त्यांनी.”

“मंग?”

“मग... काही नाही. मी पाठवून दिलं.”

ते तसेच प्लॅटफॉर्मवर गेले. वरची जागा त्यांनी मनात कशी धरून ठेवली होती देव जाणे, पण गर्दीतून वाट काढत ते एका खांबाशी जाऊन थांबले. मी मोबाइलवर नकाशा काढून बघितला. बरोबर त्या विहिरीची जागा. त्यांनी खिशातून खडू काढला आणि चकचकीत खांबावर, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, एक गोल काढला. गोलाखाली तारीख. तारखेखाली के. रा. मग खडू माझ्यापुढं धरला.

“खानीत सरदारच्या खाली इंजिनियरची सही लागते,” ते म्हणाले. “कर.”

वर कॅमेरा होता. दहा पावलांवर शिपाई उभा होता, आणि मला ओळखत होता. फरशी पुसणारी बाई बादली घेऊन थांबली होती, आमचं कधी होतं याची वाट बघत. मी खडू घेतला. सही केली. पुरी, नावासकट.

सरदारांनी ती वाचली आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली. “चाल, नींग आता.”

मी पुढं झालो. सरकता जिना त्यांना नको होता, म्हणून साध्या पायऱ्यांनी चढायला लागलो. मध्यावर पोचल्यावर वाटलं, मागं कोणी नाही. वळून पाहिलं तर सरदार खालच्या पायरीशी उभे. माणसं वर येत होती आणि ते एकेकाकडं बोट करत ओठांतल्या ओठांत मोजत होते. ऑफिसातल्या बाया, कॉलेजची पोरं, बाजाराची पिशवी घेतलेला एक म्हातारा. शेवटचा माणूस पुढं गेला. सरदारांनी पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात मागं गाडी येऊन थांबली, दारं उघडली, आणखी माणसं उतरली. सरदारांनी पाय खाली घेतला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.